कुत्रा सामाईक, बोजा एकट्याचा

धुळ्याच्या देवपुरात आमच्या घरी जो करड्या-पांढऱ्या केसांचा, निळ्या डोळ्यांचा कुत्रा दिवसभर कूलरसमोर आडवा पडलेला असतो, तो कोणी आणला, किती रुपयांना आणला, आणि वैशाखात अंगणात उभे राहवत नाही अशा या मुलखात बर्फातला प्राणी पाळण्याची बुद्धी मला या वयात कशी झाली, असे प्रश्न मला आग्रा रोडवर, बँकेच्या रांगेत आणि परवा तर एका उत्तरकार्याच्या पंक्तीत विचारले गेले. आणि दर वेळी चार शब्दांत उत्तर देऊन मी विनाकारण अपकीर्ती पदरात घेत आहे हे ध्यानात आल्यावर, या प्रकरणाची साद्यंत हकीकत एकदाच लिहून काढावी, आणि एकत्र नांदणाऱ्या इतर कुटुंबांना तिच्यापासून काही बोध होत असेल तर तोही व्हावा, असे मी ठरविले. सारी हयात महसूल खात्यात गेल्यामुळे कोणतीही गोष्ट आधी कागदावर पाहण्याची मला खोड आहे, असे घरात थट्टेने म्हटले जाते. ज्यांनी ही थट्टा केली तेच आज मला कूलरच्या खोलीचे दार ओढून घ्यायला सांगतात, एवढे नमूद करून मुद्द्याकडे वळतो.

कुत्रा मी आणलेला नाही. तो माझ्या पुतण्याने आणला, आणि आणला तो जळगावास, जेथे तो नोकरीनिमित्त दोन मित्रांसह भाड्याच्या तीन खोल्यांत राहतो. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तो घरी आला असता त्याने मला फोनवर एका पिल्लाचे छायाचित्र दाखविले आणि ‘सायबेरियन हस्की’ असे त्याच्या जातीचे नाव सांगितले. त्या वेळी मी तीन प्रश्न विचारले, आणि ते माझ्या पत्नीच्या व धाकट्या भावाच्या समक्ष विचारलेले असल्यामुळे त्यांना साक्षीदार आहेत: तुम्ही तिघे कामावर गेल्यानंतर हा कोणाजवळ राहणार, याचा महिन्याचा खर्च तिघांत कोणत्या हिशेबाने वाटला जाणार, आणि उद्या तुमच्यापैकी कोणाची बदली झाली अथवा लग्न ठरले तर हा कोणाच्या वाट्याला जाणार? पुतण्याने उत्तर दिले, “नाना, तुम्ही तर कुत्र्याचापण सातबारा काढाल.” त्यावर सगळे मनसोक्त हसले. धाकटा भाऊही हसला, आणि मुलाला एका शब्दाने अडविण्याची त्याची जी वेळ होती ती त्या हसण्यात निघून गेली.

आमच्याच खानदेशात, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला गेलेला निरक्षर मनुष्यदेखील जनावराचे दात पाहतो, पाय उचलून खूर तपासतो, अंगावरचे भोवरे न्याहाळतो, त्याला चालवून आणि पळवून पाहतो, आणि एवढे झाल्यावर मग पैशाची गोष्ट काढतो; परंतु अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या या तरुणाने एका छायाचित्रावर विसंबून ३५,००० रुपये परगावच्या विक्रेत्याच्या खात्यात जमा केले. पिल्लू खासगी प्रवासी बसच्या सामानाच्या कप्प्यातून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, पहाटेच्या वेळी जळगावला येऊन पोहोचले. ज्या पशुवैद्यांनी ते प्रथम तपासले त्यांनी दातांवरून त्याचे वय जेमतेम सहा आठवडे सांगितले. श्वानांची पैदास व विक्री यांसंबंधी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. या मुदतीला सबळ कारण आहे: आईजवळ आणि भावंडांत खेळताना पिल्लू आपल्या चाव्याचा जोर आवरायला शिकते, आणि ते शिक्षण अर्धवट राहिलेल्या पिल्लाची किंमत पुढे घरातल्या लहान मुलांची बोटे मोजतात. विक्रेता म्हणाला होता की कागद मागाहून पाठवितो. कागद आजतागायत आलेले नाहीत, आणि विक्रेत्याचा फोनही आता लागत नाही.

जळगावच्या बिऱ्हाडातला एक मित्र औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारा, म्हणजे दिवसा झोपणारा. दुसरा कडक शाकाहारी घरातला, ज्याने खोली घेतानाच स्वयंपाकघरात अंडेसुद्धा येणार नाही अशी अट घातलेली. या दोघांची संमती कोणी घेतलीच नव्हती. हस्की हा जथ्याने राहून जथ्याने काम करण्यासाठी घडविलेला प्राणी असल्यामुळे त्याला एकांत सोसत नाही. एकटा ठेवला की तो भुंकत नाही, मान वर करून दीर्घ स्वरात रडतो. दिवसा झोपणाऱ्याची झोप गेली, शाकाहारी मित्राच्या पातेल्यात अंडी उकडली गेली, घरमालकाकडे शेजाऱ्यांच्या तक्रारी गेल्या, आणि होळीच्या सुट्टीत पुतण्या एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने भाड्याच्या गाडीतून कुत्रा घेऊन धुळ्याला आमच्या दारात उभा राहिला. “चार दिवसांचा प्रश्न आहे, नाना,” असे तो म्हणाला. ही चार दिवसांची मुदत अद्याप संपलेली नाही. त्या दोन मित्रांविषयी माझ्या मनात रोष नाही. त्यांनी निदान तोंडावर नकार दिला, जो आमच्या घरात देण्याचे धैर्य कोणाला झाले नाही.

फाल्गुनात सकाळी गारवा होता, कुत्रा देखणा होता, आणि गल्लीतली मुले त्याला पाहायला येत होती, तोवर सर्व ठीक चालले. धाकट्या भावाचे म्हणणे असे पडले की, मागल्या गल्लीत चोरी झालेली आहे, तेव्हा घराला आयतीच राखण झाली. येथे कुत्र्यांच्या जातींविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगणे प्राप्त आहे. प्रत्येक जात कोणत्यातरी कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडविलेली असते, आणि ते काम तिच्या रक्तात राहते. हस्की ही सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावरून घसरगाड्या ओढण्यासाठी जोपासलेली जात. १९२५ मध्ये अलास्कातील नोम गावी घटसर्पाची साथ आली तेव्हा या जातीच्या कुत्र्यांच्या तुकड्यांनी आळीपाळीने धावून भर हिमवादळात प्रतिविषाचे औषध पोहोचविले, आणि त्यांच्यातल्या बाल्टोचा पुतळा न्यूयॉर्कच्या उद्यानात उभा आहे. या पराक्रमाविषयी मला आदर आहे. परंतु परक्या माणसावर संशय घेणे हा गुण त्या कामात लागत नाही, आणि म्हणून तो या जातीत कोणी जोपासलेला नाही. एका दुपारी भंगार गोळा करणारा कोणी अंगणातले आमच्या आजोबांच्या वेळचे तांब्याचे घंगाळ उचलून घेऊन गेला, तेव्हा आमच्या या राखणदाराने शेपूट हालवीत त्याला फाटकापर्यंत पोहोचविले, असे समोरच्या घरातल्या बाईंनी गच्चीवरून पाहिले.

ओढण्याची वृत्ती मात्र अस्सल होती. अंगणात वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे जुन्या साडीसकट त्याने विहिरीपर्यंत ओढत नेले, आणि पत्नीची दोन दिवसांची मेहनत धुळीस मिळाली. तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी गारवा असतो हे त्याने हेरले आणि तेथे खड्डा खणून बसू लागला. रात्री तो रडू लागला की आमच्या आत्याबाई अंथरुणावर उठून बसत. त्यांचे वय नव्वदीच्या घरात, आणि कुत्रे रडले की कोणाचातरी काळ जवळ आला ही श्रद्धा बाळपणापासूनची. “हाऊ रातले रडस, घरमा काईतरी वाईट व्हई,” असे म्हणून त्या जप सुरू करीत, आणि मग घरातले दुसरे कोणी झोपू शकत नसे. ज्या घरात वृद्ध मनुष्य आहे त्या घराने कुत्र्याच्या रूपाआधी त्याच्या आवाजाची चौकशी करावी, हे कोणत्याही विक्रेत्याने मला सांगितलेले नाही. म्हणून मी सांगतो.

मग चैत्र लागला. धुळे-जळगावचा पारा चैत्र-वैशाखात ४४-४५ अंशांवर जातो, आणि भुसावळच्या उन्हाळ्याची ख्याती तर रेल्वेने महाराष्ट्रभर नेलेली आहे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. पंजांचे तळवे वगळले तर जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा शरीर निववण्याचा मार्ग. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ च्या घरात गेले की उष्माघात, आणि तेथून प्राण वाचणे दैवाधीन. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आत लोकरीसारखी दाट लव आणि वर लांब राठ केस, आणि उन्हाळ्यात ही लव गळू लागली की रोज एक उशी भरावी एवढे केस घरात फिरतात. पुतण्याने जळगावहून फोनवर फर्मान काढले की त्याचे सगळे केस भादरून टाका. मी भादरले नाहीत. आधी पशुवैद्यांना विचारले, आणि त्यांनी कानाला हात लावला. वरचे राठ केस उन्हापासून कातडीचे रक्षण करतात, ते मुळासकट उतरविले तर कातडी भाजते आणि पुढे केस पूर्ववत येतीलच याची शाश्वती नसते. विंचरून आतली सुटलेली लव काढणे एवढाच उपाय. हे विंचरण्याचे काम कोणाकडे आले असेल हे वाचकांनी ओळखले असेलच.

घरात कूलर एक, मधल्या खोलीत, आत्याबाईंच्या खाटेजवळ. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही त्या गावात कूलरच्या टाकीला किती पाणी लागते हे ज्याने भरले आहे त्यालाच ठाऊक. पहाटे ऊन तापण्याआधी मी त्याला पांझरेच्या काठाने फिरवून आणीत असे, कारण दहानंतर डांबरी रस्त्यावर आपल्याला उलटा पंजा क्षणभर टेकवत नाही, त्यावर कुत्र्याचे तळवे भाजून फोड येतात. एवढी दक्षता घेऊनही चैत्राच्या अखेरीस त्याने अन्न सोडले, ताप भरला, हिरड्या पांढऱ्या पडल्या. गोचिडांपासून होणारा तो ताप होता; रक्त तपासले तर प्लेटलेट फार उतरलेल्या. औषध कित्येक आठवडे चालले. जळगावला कळविले. उत्तर आले: रडणाऱ्या चेहऱ्याचे चित्र, आणि ‘टेक केअर’.

आखाजी हा आमच्या खानदेशातला दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके चढतात, गौराईची गाणी होतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस यांच्या पंक्ती उठतात. या वर्षी घर भरलेले होते, आणि एका कूलरवर आत्याबाई, दोन तान्ही मुले आणि तो कुत्रा असे सर्व अवलंबून होते. पुतण्या दुपारी आला. त्याने पायही धुतले नाहीत; सरळ मधल्या खोलीत जाऊन कुत्र्याच्या गळ्यात हात टाकला आणि बहिणीकडून छायाचित्रे काढून घेतली. ती जगभर पाठविली गेली, खाली ‘माझा ब्रूनो’ असे लिहून. आणि त्यांवर ‘किती जीव लावतोस रे’ अशा अर्थाचे जे अभिप्राय आले ते त्याने आम्हां सर्वांना मोठ्याने वाचून दाखविले. हे ऐकत असताना मी त्या कुत्र्याची औषधाची गोळी गुळात लपवीत होतो.

जेवणे झाल्यावर मी दवाखान्याचे बिल पुढे ठेवले. सात हजारांच्या वर रक्कम होती आणि ती माझ्या निवृत्तिवेतनातून गेलेली होती. मी आवाज चढविला नाही. या बाबतीत तेथे हजर असलेल्या कोणालाही विचारावे. पुतण्याने बिल पाहिले आणि अत्यंत गोड स्वरात म्हणाला, “नाना, कुत्रा आता घरचा झालाय. घरच्यांत कसलं तुझं-माझं?” धाकटा भाऊ आमरसाच्या वाटीत पाहत राहिला. माझी सख्खी बहीण म्हणाली, “सणाच्या दिवशी लेकराला कशाला बोलायचं, दादा?” म्हणजे होळीपासूनचा खर्च, पहाटेचे फिरणे, रात्रीचे जागरण, गेलेले घंगाळ हे सर्व एका बाजूस राहिले, आणि सणाचा विरस करणारा असा ठपका एका क्षणात माझ्यावर बसला.

मी उठून लसीकरणाची वही आणली, कारण तिच्यात पुढच्या लसीची तारीख पाहायची होती. आणि तेव्हा, इतक्या वेळा हाताळलेल्या त्या वहीचे पहिले पान मी प्रथमच नीट वाचले. मालकाचे नाव या रकान्यात पुतण्याचे नाव होते, जळगावच्या पत्त्यासह. दवाखान्याच्या उधारीच्या खात्यावर नाव होते माझे. जन्मभर ज्याने सातबारे वाचले त्याला हे कोष्टक समजायला वेळ लागला नाही: भोगवटादार सदरी तो, आणि इतर हक्कांत, बोजा या सदराखाली, मी. मी त्याला सरळ विचारले, “कुत्रा घरचा आहे ना? मग या वहीवरचं नाव बदलून घेऊ या.” तो एकदम गंभीर झाला. “नाव कशाला बदलायचं, नाना? मीच आणलाय ना तो.” त्या एका वाक्यात सगळे प्रकरण उघडे पडले होते, पण माझ्याखेरीज ते कोणालाही ऐकू आले नाही, बायका भांडी आवरायला उठल्या आणि मुले झोक्याकडे पळाली. त्या मुलाला मी अंगाखांद्यावर खेळविलेले आहे, आणि तो मनाने दुष्ट नाही. परंतु जमेच्या बाजूला उभे राहण्याची आणि खर्चाच्या बाजूला दिसेनासे होण्याची कला त्याला कोणी शिकविली हे मी सणाच्या दिवशी विचारले नाही, आणि आता येथे विचारतो.

यापुढचे इतरांसाठी. ज्या घरात एकापेक्षा अधिक कमावती माणसे किंवा एकापेक्षा अधिक चुली आहेत, मग ते भावाभावांचे घर असो वा मित्रांचे बिऱ्हाड, तेथे जात निवडण्यापूर्वी एक कागद करावा. मुद्रांकाची गरज नाही. वहीचे पान पुरे. त्यात मालक कोण, दरमहा कोणी किती द्यायचे, पहाटे आणि संध्याकाळी कोणी फिरवायचे, आजारपणाचा मोठा खर्च कोणत्या प्रमाणात, आणि घर फुटले, बदली झाली, लग्न झाले तर कुत्रा कोणाबरोबर जाणार, एवढी पाच कलमे असावीत आणि खाली सर्वांच्या सह्या. ज्याला पाचव्या कलमावर सही करायला संकोच वाटतो त्याला कुत्रा नको आहे, त्याला पिल्लू हवे आहे. हाच कागद विकत घेण्याच्या दिवशी दहा मिनिटांत होतो, आणि सहा महिन्यांनी जन्मात होत नाही.

किंमत हा खर्चातला सर्वांत लहान आकडा समजावा. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. मोठ्या जातीच्या कुत्र्याला तयार खाद्य घालायचे ठरविले तर माझ्या वहीप्रमाणे महिना चार-साडेचार हजार सहज होतात. त्याशिवाय वार्षिक लसी, जंतांचे औषध, गोचिडांचे औषध, आणि आमच्या भागात कूलरची वीज. घरचे अन्न स्वस्त पडते, पण आमच्या काळ्या मसाल्याचा रस्सा किंवा शेवभाजीचा उरलेला तवंग कुत्र्याला घालू नये, कारण कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवतात. बेदाणे आणि चॉकलेट विषासमान, आणि शिजवलेले हाड फुटून आतड्यात रुतते. सणाला आलेल्या पाहुण्यांना हे दारातच सांगावे. ते ऐकणार नाहीत, तरी सांगावे.

जातीविषयी. हस्की, मालामूट, सेंट बर्नार्ड, चाऊचाऊ यांचे नाव खानदेशात काढू नये. ज्याला ती हौस आहे त्याने आधी वातानुकूलित खोली बांधावी आणि मग ती खोली कुत्र्याला देण्यास घरातल्या म्हाताऱ्या माणसांची लेखी संमती घ्यावी. चपट्या नाकाचा पग २००३ च्या सुमारास हच कंपनीच्या जाहिरातीमुळे घरोघरी पोहोचला. लहान आहे म्हणून तो सोयीचा वाटतो, परंतु ज्याला धापा टाकून अंग निववायचे त्याचेच नाक आखूड, तेव्हा ४४ अंशांत त्याची काय गत होते याचा विचार करावा. लॅब्राडोर स्वभावाने उत्तम, मुलांत मिसळणारा, पण खादाड. एकत्र घरात प्रत्येक जण त्याला आपापल्या ताटातून घास टाकतो आणि दोन वर्षांत तो चालेनासा होतो. जर्मन शेफर्ड हा राखणीचा खरा, परंतु तो एका माणसाचे ऐकतो, दहा माणसांचे परस्परविरुद्ध हुकूम त्याला बिघडवतात. शिवाय खुब्याच्या सांध्याचा विकार या जातीत आढळतो, म्हणून आईबापांची चौकशी करावी. ज्याला आपण सारे ‘पॉमेरियन’ म्हणतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, ‘हम आपके हैं कौन’ मधला टफी होता तो. आपल्या हवेला रुळलेला, थोडक्यात भागणारा, सावध, मात्र बोलघेवडा. ज्यांच्या भिंती शेजाऱ्याला लागून आहेत त्यांनी त्याच्या भुंकण्याचा विचार आधी करावा.

देशी शिकारी जातींचे आज कौतुक आहे आणि ते यथार्थ आहे. टपाल खात्याने २००५ मध्ये ज्या चार देशी जातींची तिकिटे काढली त्यांत घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातला मुधोळ हाउंड आहे. त्याच्या नात्यातला कारवानी कुत्रा आपल्या मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. आखूड केस, सडपातळ बांधा, उन्हाला न डगमगणारा. परंतु तो पळण्यासाठी जन्मलेला आहे, परक्या माणसाने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, आणि समोर पळणारी कोंबडी किंवा मांजर दिसली की धन्याचा शब्दही त्याला ऐकू येत नाही. मळ्यात राहणाऱ्याने तो अवश्य घ्यावा. आखाजीला पंचवीस माणसे उतरणाऱ्या घरात घेऊ नये. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. खरी पैदास हवी असेल त्याने अशा ठिकाणी चौकशी करावी, फोनवरच्या छायाचित्रांच्या नादी लागू नये.

राहिला गावठी. सामाईक घराला, माझ्या मते, वर्ष-दीड वर्षाची, स्वभाव ठाऊक झालेली गावठी कुत्री याहून योग्य प्राणी नाही. पिल्लाचे पुढे काय होईल याचे भाकीत करावे लागते. वाढलेल्या जनावराचे आकारमान, आवाज, मुलांविषयीची वृत्ती सर्व समोर दिसते. तिची शस्त्रक्रिया करून घ्यावी, रेबीजची लस दर वर्षी चुकवू नये. येथल्या हवेने तिला हजारो वर्षे निवडून पारखलेले आहे, आणि ती विकत मिळत नाही हाच तिच्याविरुद्ध लोकांच्या मनातला एकमेव आक्षेप आहे. पुतण्याला मी तुळशीच्या लग्नातच ही सूचना केली होती. तो म्हणाला, “गावठी कोण पाळतं, नाना?”

जातिवंतच घ्यायचा असेल तर स्वतः जाऊन आईसह पिल्लू पाहावे, पैदास करणाऱ्याचे नोंदणीपत्र मागावे, आणि केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद दाखविला तर त्यावरचा मायक्रोचिपचा क्रमांक पिल्लाच्या अंगातल्या चिपशी पशुवैद्यांकडून ताडून घ्यावा. ‘आईबाप परदेशातून मागविले’ असे कोणी सांगितले तर केव्हा, असे विचारावे. व्यापारी पैदाशीसाठी कुत्रे आयात करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्येच मनाई केलेली आहे. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. कुत्र्याला वेळ द्यावा, माया द्यावी, वगैरे जे सर्वत्र लिहिलेले असते तेही खरे आहे.

कायद्याची एक बाब. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे जनावरापासून लोकांना धोका पोहोचू नये याची दक्षता न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकते, आणि ही जबाबदारी ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याची आहे. छायाचित्रात गळ्यात हात कोणी टाकला होता हे तेथे पाहिले जात नाही. ताबा माझा, जोखीम माझी, आणि मालकी जळगावला, ही व्यवस्था पुढे चालविणे मला विवेकाचे वाटले नाही.

कुत्र्याला परत पाठवा किंवा कोणालातरी देऊन टाका, असे सुचविणारेही घरात निघाले, आणि ते तेच होते ज्यांनी फाल्गुनात त्याच्याबरोबर हौसेने छायाचित्रे काढून घेतली होती. मी नकार दिला. या प्रकरणात ज्याच्याकडून कसलाही कसूर घडला नाही असा तो एकटाच आहे. मात्र गेल्या महिन्यात रेबीजच्या लसीसाठी त्याला नेले तेव्हा दवाखान्यातून नवी वही करून घेतली आणि मालकाच्या रकान्यात माझे नाव लिहविले. पुतण्याला हे कळल्यापासून तो माझ्याशी बोलत नाही, आणि नानांनी माझा कुत्रा बळकावला असे नातेवाइकांत सांगत फिरतो. त्याला लेखी कळविले आहे की फेरफाराच्या नोटिशीला हरकत घेण्याची मुदत १५ दिवसांची असते. हरकत जरूर घ्यावी, परंतु होळीपासूनच्या थकबाकीसह घ्यावी, आणि येताना आत्याबाईंसाठी एक कूलर आणावा.